अंगणातली काठी

आकाशकंदील चढवून झाला की घरात एखादी काठी उरतेच. या सुट्टीत ती बरोबर एक मीटर लांबीची कापा, अंगणात किंवा गच्चीवर ओळंबा धरून सरळ उभी करा आणि सकाळी साडेअकरा ते दुपारी एक या वेळात दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका द्या. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते, तो त्या गावाचा खरा मध्यान्ह. दिवाळीच्या दिवसांत ही सावली महाराष्ट्रात साधारण अर्धा मीटर किंवा त्याहून लांब भरते. दर रविवारी मोजत गेलात तर २२ डिसेंबरपर्यंत ती लांबत जाईल आणि मग मागे फिरेल.

विद्यार्थ्यांना विज्ञानाची ओळख कुठून करून द्यावी, हा प्रश्न मला शिकवताना वर्षानुवर्षे पडत आला आहे. पुस्तक एका धड्यात ग्रह देते, दुसऱ्यात खडक, तिसऱ्यात पेशी. मुलेही ते तसेच कप्प्याकप्प्याने शिकतात आणि परीक्षेनंतर कप्पे बंद होतात. माझा अनुभव असा, की मुलांना एक गोष्ट स्वतःच्या हाताने मोजायला दिली तर बाकीचे विषय ती आपणहून ओढून आणतात. म्हणून आकाशापासून जीवसृष्टीपर्यंतचा हा आढावा मी काठीपासून सुरू करतो आहे.

पहिलीच अडचण घड्याळाची येते. मध्यान्ह बाराला का होत नाही? भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. कोल्हापूर त्याच्या सुमारे सव्वाआठ अंश पश्चिमेला येते आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. म्हणजे तेहेतीस मिनिटांचा उशीर. पण दिवाळीत मोजले तर फरक यापेक्षा पंधराएक मिनिटांनी कमी निघतो आणि मुले चक्रावतात. चक्रावू द्यावे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे त्या पंधरा मिनिटांचे कारण. कललेल्या आसाचे चित्र फळ्यावर काढून जे समजत नाही, ते या फरकातून समजते.

मे महिन्यात गंमत वाढते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथे ऐन डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस कोल्हापुरात ६ मेच्या सुमारास येतो, पुण्यात मेच्या मध्याला, धुळ्यात २५ मेच्या आसपास. दिल्लीकर मुलांना तो कधीच मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य परतताना तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात.

आता कोल्हापूर आणि धुळे नकाशावर पाहा. दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, एक १६.७ अंश अक्षांशावर, दुसरे २०.९ वर. कोल्हापुरात सावली शून्य होते त्या दुपारी धुळ्यातली एक मीटरची काठी ७.३ सेंटिमीटर सावली टाकते. तेवढा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापक लावला की ४.२ अंश मिळतात. दोन शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर, रस्त्याने नव्हे तर नकाशावर मोजलेले, सुमारे ४६७ किलोमीटर. ४.२ अंशांना ४६७, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक सातवीतला मुलगा मांडतो आणि उत्तर येते सुमारे ४०,०००. पृथ्वीचा परिघ तेवढाच आहे. अलेक्झांड्रिया आणि सायिनी या इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरून ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केले होते. त्याला ७.२ अंश मिळाले, वर्तुळाचा पन्नासावा भाग.

यातला सर्वांत मोलाचा धडा उत्तरात नसून चुकीत आहे. सावली ७ सेंटिमीटर वाचली तर परिघ ४२,००० किलोमीटर येतो, ८ वाचली तर ३७,०००च्याही खाली जातो. सूर्याचे बिंब आकाशात अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कड पुसट असते. ती कुठे संपली हे ठरवताना दोन मुलांचे भांडण होते. मग चार जणांनी वेगवेगळे मोजायचे आणि सरासरी काढायची हे कोणी न सांगता सुचते. प्रयोगवहीत ‘पुस्तकातले उत्तर’ उतरवून गुण मिळवण्याची आपल्याकडची सवय मला फार घातक वाटते. आलेला आकडा तसाच लिहा आणि तो का चुकला असेल ते त्याखाली लिहा, एवढी एक शिस्त शाळेने लावली तरी खूप झाले.

रात्रीच्या आकाशाबद्दल थोडक्यात सांगतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे दिवाळीचे आकाश चंद्राविना मिळते. गावाबाहेर जाऊन नऊच्या सुमारास डोक्यावर पाहिले तर शर्मिष्ठेच्या जवळ, देवयानी तारकासमूहात, एक अंधूक धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, आफ्रिकेत आपले पूर्वज दगडाची ओबडधोबड हत्यारे घडवत होते त्या काळात. दुर्बिणीशिवाय माणसाला दिसणाऱ्या सर्वांत दूरच्या गोष्टींपैकी ती एक आहे. जुन्नर तालुक्यात खोडद आणि आसपासच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणी डोळ्यांना न दिसणाऱ्या, मीटरभर लांबीच्या लहरी टिपतात. दूरच्या दीर्घिकांतला हायड्रोजन त्यांना ‘ऐकू’ येतो.

हायड्रोजनपाशी थांबायला हवे, कारण आकाश आणि शरीर यांची गाठ इथे पडते. आपल्या शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या आरंभीचा, सुमारे १३८० कोटी वर्षे जुना आहे. पण प्राणवायू, कार्बन, लोह हे नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत घडले. हे कसे घडते याची सविस्तर मांडणी १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल यांनी केली. त्याच हॉयल यांच्या हाताखाली केंब्रिजला संशोधन केले ते कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी. पुढे पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी करतानाही त्यांनी शाळकरी मुलांसाठी जागा राखली, आणि मराठीतून विज्ञानकथा व लेख लिहिणे शेवटपर्यंत सोडले नाही. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. मुलांच्या प्रश्नांना इतक्या गंभीरपणे घेणारा त्यांच्या तोडीचा शास्त्रज्ञ मराठीला पुन्हा कधी मिळेल, याची मला काळजी वाटते.

ताऱ्यात घडलेले ते लोह कोकणातल्या मुलाला घराच्या भिंतीत दिसते. जांभा दगड लाल असतो तो लोहाच्या गंजामुळे, आणि रक्त लाल असते ते हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे. प्रौढ माणसाच्या शरीरात हे लोह जेमतेम चार ग्रॅम असते, एका छोट्या खिळ्याइतके. रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या का देतात, हे सांगायला यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

सह्याद्रीवरचा बराचसा जांभा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजून तयार झाला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमीन भेगाळून लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर चढले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो बेसाल्ट पसरलेला आहे. घाटातून एसटीने जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक किंवा अनेक लोट. वेरूळचे कैलास लेणे याच दगडात कोरले आहे.

याच बेसाल्टवर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला एक अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. ते ज्वालामुखीचे तोंड असावे असे बराच काळ मानले जाई. प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच तिथल्या दगडांत सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. वयाची गोष्ट याहून शिकवण्यासारखी आहे. विवर सुमारे ५२,००० वर्षांचे असे पुस्तके सांगत. २०११ साली आर्गॉन समस्थानिकांच्या मोजणीतून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे निघाले, म्हणजे दहापटीहून जास्त. वर्गात हे सांगितले की एखादे मूल हमखास विचारते, “मग आधीचे शास्त्रज्ञ खोटं बोलत होते का?” ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी वेगळ्या पद्धतीने मोजले, आकडे आणि पद्धत उघड केली, म्हणून पुढच्यांना ते तपासता आले. चंद्रावर आणि मंगळावर बेसाल्ट भरपूर आहे. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये पडलेली आणि शाबूत राहिलेली विवरे मात्र फार थोडी, त्यामुळे परग्रहांचे अभ्यासक लोणारला येतात.

जून २०२०मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे झाल्याचे दिसले. हे जीव ना वनस्पती, ना प्राणी, आणि खरे तर जिवाणूही नाहीत. जीवसृष्टीची ती एक वेगळीच जुनी शाखा आहे. रोहित पक्ष्यांची पिसे गुलाबी होतात तीही अन्नातून येणाऱ्या अशाच रंगद्रव्यांनी. अशनी, लाव्हा, क्षार, सूक्ष्मजीव, पक्षी: सहलीला एकच ठिकाण निवडायचे असेल तर मी शाळांना लोणार सुचवतो.

जीवशास्त्रात पेशीच्या आकृतीला नावे देण्यावर आपण फार वेळ घालवतो. त्याऐवजी कारवी पाहावी. घाटमाथ्यावरच्या घरांच्या कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या असतात. ही झुडपे सात वर्षे नुसती वाढतात, आठव्या वर्षी सगळी मिळून फुलतात, बी धरतात आणि मरतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतर ती २०२४ला फुलली. एकदम इतके बी पडते की खाणारे किडे-पाखरे ते संपवू शकत नाहीत, असा एक खुलासा आहे. पण झुडूप वर्षे मोजते कसे? त्याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही, आणि हे मुलांना मुद्दाम सांगावे. २०२४ला सहावीत असलेले मूल पुढच्या फुलोऱ्याला, २०३२ला, कदाचित विज्ञानाच्या पदवीचा अभ्यास करत असेल.

पालक आणि शिक्षकांना एवढीच विनंती: विज्ञानाचे नवे संच विकत आणण्याआधी ती काठी रोवा, आणि कोल्हापूरच्या एका शाळेने धुळ्यातल्या एका शाळेचा फोन नंबर आताच मिळवून ठेवावा. दिवाळीपासून ६ मेपर्यंत सहाएक महिने असतात, पण तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते. तारीख, वेळ आणि मोजणारी मुले त्याआधीच ठरवायला हवीत.