नवी नोकरी धरताना हिशेब कसा करावा?

गेल्या महिन्यात ओळखीचा एक तरुण मशवरा घ्यायला दुकानी आला. मालेगावात कापडाच्या पेढीवर तो हिशेब लिहितो. पगार 14,000 रुपये. भिवंडीच्या एका गोदामातून 19,000 रुपयांचा सांगावा आला होता. घरी आजारी वडील, पाठच्या बहिणीचे लग्न ठरायचे. "चाचा, पाच हजार जास्त मिळतात, जाऊ ना?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "आधी कागद-पेन्सिल घे."

आम्ही दोघांनी मांडलेला हिशेब असा. भिवंडीत चौघांच्या खोलीतला वाटा 3,000, दोन वेळची खानावळ 3,500, महिन्यातून एकदा घरी ये-जा 800, चहा-नाश्ता, मोबाईल वगैरे 1,200. एकूण 8,500. हातात उरले 10,500. मालेगावात त्याचा वरखर्च 2,000 आणि घरचे जेवण 2,500 धरले, तरी 9,500 उरतात. म्हणजे पाच हजारांचा फायदा प्रत्यक्षात एक हजारावर आला. शिवाय इथे दहा तास काम, तिथे बारा. महिन्याचे 26 दिवस धरले तर 52 तास जास्त. तासाला वीस रुपयेही पडत नाहीत.

पगाराच्या आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टीही तपासल्या पाहिजेत. पहिली, प्रॉव्हिडंट फंड. तो लागू असेल तर मूळ पगार व महागाई भत्त्यावर नोकराचे 12 टक्के कापले जातात आणि मालकही तितकेच भरतो. नोकरी बदलताना ही रक्कम काढून खर्च करू नये, नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावी. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी धरली जाते, ती अशाने तुटत नाही.

दुसरी, ई.एस.आय. 2017 साली त्याची पगार-मर्यादा 21,000 रुपये करण्यात आली. नोकराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्यात घरच्या माणसांचे औषधपाणीही होते. ज्याचे आई-वडील आजारी आहेत त्याने हे आधी विचारावे. तिसरी, ग्रॅच्युइटी. कायम नोकराला सलग पाच वर्षे झाल्यावर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. साडेचार वर्षे झालेल्याने सहा महिन्यांची घाई करू नये.

यंत्रमागावरच्या कारागिराचा हिशेब वेगळा आहे. त्याची मजुरी मालावर ठरते. म्हणून नुसता मीटरचा भाव विचारू नये. मंदीत माग किती दिवस बंद राहिले, सूत वेळेवर येते का, वीज किती जाते, हे विचारावे. सुरुवातीलाच मोठी पेशगी घेऊ नये. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची वाट बंद होते.

मालकाची नियत त्याच्या गोड बोलण्यावरून कळत नाही. 1993 साली तीनशे रुपये जास्त मिळतात म्हणून मी एक पेढी सोडली. नव्या ठिकाणी तिसऱ्या महिन्यापासून पगार थकला. शेजारच्या चहावाल्याला विचारले असते तरी कळले असते. म्हणून तिथल्या दोन नोकरांना गाठून पगार कोणत्या तारखेला होतो, आधीचा माणूस का गेला, हे विचारून घ्यावे.

आपल्यासाठी आणखी एक बाब आहे. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारीच असते. बाहेरगावी तसे असेलच असे नाही. जुम्याच्या नमाजची सवड आणि रमजानमधल्या वेळा आधीच ठरवाव्यात. नंतर कुरबूर होते. धंदा कशाचा आहे, कमाई हलाल आहे की नाही, हेही पाहणे आपल्यावर फर्ज आहे.

मग तरुणांनी गाव सोडूच नये का? तसे मुळीच नाही. त्या मुलाला मी शेवटी एकच विचारले, "तिथे नवे काय शिकशील?" गोदामात जी.एस.टी.ची विवरणपत्रे आणि संगणकावर मालाची नोंद शिकायला मिळणार असेल, तर हजार रुपयांसाठी नव्हे, त्या हुनरासाठी जावे. नुसते गठ्ठे मोजायचे असतील तर इथल्या शेठकडेच पगारवाढ मागावी. तो दोन्हीकडे विचारून येतो म्हणाला. नव्या जागेचे पत्र हाती आल्याशिवाय जुनी सोडू नकोस, आणि सोडशील तेव्हा शेठचा हिशेब चोख देऊन, सलाम करून सोड, एवढे मी बजावले आहे. बाजार लहान असतो. नाव मागोमाग येते.

अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.