स्कूटर निघाली रेल्वेने

तारापूर एमआयडीसीतली नोकरी सोडून गोरखपूरला किंवा पाटण्याला परतायचं, तर स्कूटरचं काय? तेवढ्या अंतरावर चालवत नेणं जिवावरचं काम. सर्वसामान्यांच्या खिशाला रेल्वेच परवडते. पोलादी रुळावर पोलादी चाकाला होणारा विरोध डांबरावरच्या टायरच्या मानाने साधारण दहापट कमी, म्हणून इंधनही कमी जळतं.

तिकीट असेल तर स्कूटर ‘लगेज’ म्हणून त्याच गाडीने जाते. घाई नसेल तर ‘पार्सल’ करा. तिकीट लागत नाही, दरही कमी. बोईसर-पालघरला लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम थांबतात, तेव्हा वांद्रे टर्मिनससारखं गाडी सुटण्याचं स्थानक बरं.

टाकी मात्र पूर्ण रिकामी हवी. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने बंद डब्यात तळाशी साचते. ‘तळाला थोडंसं आहे’ म्हणून सोडू नका. आग लागायला वाफच पुरते.

आरसे काढा, हेडलाइट-इंडिकेटरवर पुठ्ठा लावा, वरून गोणपाट सुतळीने घट्ट शिवा. नाव आणि पोहोचायचं स्थानक ठळक लिहा. आरसी, विमा, ओळखपत्राच्या झेरॉक्स सोबत ठेवा. स्कूटर पोहोचली की लगेच सोडवून घ्या, नाहीतर विलंबशुल्क चढत जातं.