पार्सल आले, गिऱ्हाईक गेले!

रमजानचा शेवटचा अशरा म्हणजे रत्नागिरीच्या कापड, चप्पल आणि बांगडी-अत्तरवाल्यांची सुगी. तरावीहची नमाज आटोपली की राजिवडा, मिरकरवाडा आणि आसपासच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे रामआळी व गोखले नाक्याकडे निघतात. कित्येक दुकानांचा वर्षभराचा हिशेब या दहा रात्रींवर उभा असतो. गर्दी आजही होते. परंतु गर्दीतला फरक गल्ल्यावर बसलेल्या माणसाला बरोबर कळतो. गिऱ्हाईक कापड हातात घेते, पोत बघते, भाव विचारते, मोबाईल काढून फोटो घेते आणि ‘घरी विचारून येतो’ म्हणून जाते. ते परत येत नाही. तीन-चार दिवसांनी त्याच्या दारात पार्सल येते.

कोकणच्या बाजारपेठेला असे धक्के नवे नाहीत. सत्तरीच्या दशकात तेलाचा पैसा वाढला आणि आमची माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली. ती सुट्टीवर परतताना कापड, अत्तरे, घोंगड्या, टू-इन-वन घेऊन येत, तेव्हाही येथल्या दुकानदारांनी कपाळाला हात लावला होता. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि लग्नाचा बस्ता मुंबईला जाऊन बांधणे सोपे झाले. आंबा घाट उतरून कोल्हापूरचा माल तर येतच होता. पण दुबईचा पाहुणा वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचा आणि मुंबईची फेरी लग्नकार्यापुरती असायची. मधल्या काळात गिऱ्हाईक आपलेच असे. मोबाईल मात्र रोज खिशात असतो. आता तर मुलगा कुवेतमध्ये बसून ऑर्डर देतो आणि माल राजिवड्यात आईच्या हाती पडतो. जो पैसा पूर्वी मनिऑर्डर-ड्राफ्टने घरी येऊन आमच्या बाजारात फिरत असे, त्यातला काही भाग येथे न उतरताच परस्पर निघून जातो.

फ्लिपकार्ट २००७ साली पुस्तके विकत सुरू झाली, अ‍ॅमेझॉन जून २०१३ मध्ये भारतात आली. त्याची झळ जिल्ह्याच्या गावांना लगेच लागली नाही. २०१६ साली मोबाईलचा डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि लोकांचा हात मोबाईलवरच्या पैशाला सरावला. मग कोरोना आला. २०२० चा संपूर्ण रमजान टाळेबंदीत गेला. २०२१ साली पुन्हा निर्बंध लागले व कापडाची दुकाने ईदच्या तोंडावर बंद राहिली. लागोपाठ दोन ईद! शाबानमध्ये मुंबई-सुरतेहून उचललेला माल गोदामात पडून राहिला आणि ठोक व्यापाऱ्याचे देणे डोक्यावर राहिले. चिपळूणच्या बांधवांवर तर त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचा पूर आला. दुकाने पुन्हा उघडली तोवर गिऱ्हाइकाची सवय बदलली होती.

आमचे दुकानदार म्हणतात, एवढ्या स्वस्तात त्यांना परवडते कसे? प्रश्न रास्त आहे. यातला काही स्वस्तपणा कारखान्यातून थेट माल घेण्याचा असतो, तर काही निव्वळ भांडवलाचा असतो. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलर देऊन घेतला. ज्याच्या मागे एवढी थैली आहे, तो वर्षानुवर्षे तोटा सोसू शकतो. गोखले नाक्यावरचा दुकानदार एक ईद तोट्यात गेली की भाडे थकवतो. सरकारने २०१६ मध्ये परदेशी भांडवलाच्या कंपन्यांना केवळ ‘बाजार’ चालवण्याची मुभा दिली, स्वतःचा माल विकण्याची नव्हे. भावावर प्रभाव पाडू नये, असेही बजावले. १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम आणखी कडक झाले. तरीही खास मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप मिळते, अशी तक्रार दिल्लीच्या व्यापारी संघटनेने केली आणि जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचा हुकूम दिला. हे खटले लांबत जातात, आणि तोवर आमची भाडी काही थांबत नाहीत.

परंतु सगळा दोष परक्याच्या माथी मारून भागणार नाही. पडद्यातल्या बायका मोबाईलवर कपडे का मागवतात, याचा विचार आपण केला आहे का? दुकानात काउंटरमागे चार पुरुष उभे. आतल्या कपड्यांचे माप कोणाला सांगायचे? घरात बसून निवांत निवडता येते, आवडले नाही तर परत करता येते. आपल्याकडे मात्र ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अभिमानाने लावलेली असते! आपला फिकहच ग्राहकाला दोष निघाल्यास माल परत करण्याचा (खियार-ए-ऐब) हक्क देतो. ती शिकवण कंपन्यांनी धंद्यासाठी उचलली आणि आपण पाटीआड लपलो, असे म्हटले तर कोणी रागावू नये. दुपारचे दोन तास घरातल्या एखाद्या बाईने दुकान सांभाळले, तर कदाचित हा एकच बदल पुष्कळ गिऱ्हाईक परत आणील.

उधारीचे दुखणे याहून खोल आहे. मासेमारी बंद असते त्या पावसाळी महिन्यांत घर चालते ते दुकानदाराच्या वहीवर. तीच कुटुंबे हाती रोकड आली की पार्सल मागवतात. उधारी आमच्याकडे, रोकड तिकडे! यावर उपाय म्हणून उधारी तोडली तर उरलेला संबंधही तुटेल. वही ठेवावी, पण तिला मर्यादा आणि मुदत असावी. व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश तर कुरआनातच आहे.

गिऱ्हाइकांसाठीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी हप्ता, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुधा बँक व्याज आकारतेच. तेवढी रक्कम वस्तूच्या किमतीतून आधी वजा केलेली असते, आणि त्या व्याजावर जीएसटीही लागतो. पावतीवर ‘व्याज’ हा शब्द छापलेला दिसतो. घेण्याआधी आपल्या आलिमांना ती पावती दाखवून विचारावे.

आता दुसरी बाजू. पार्सल रत्नागिरीत येते, तसे रत्नागिरीतून जातेही. हापूसकडे पाहा. पूर्वी पेटी वाशीच्या दलालाकडे जाई आणि पट्टी येईपर्यंत भाव कळत नसे. आज अनेक बागायतदार पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेटी पाठवतात. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे येतात. कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून विकणाऱ्याला अडवायचे हत्यार त्यामुळे हाती आले, मात्र मानांकनाचे नाव वापरायला बागायतदाराने स्वतःची नोंदणी केली पाहिजे. आंबा झेल्याने देठासह उतरवला, नीट निवडला आणि मजबूत खोक्यात भरला तरच दूरचा ग्राहक दुसऱ्या वर्षी फोन करतो. सोडे, सुके बोंबील, कोकम, फणसपोळी यांनाही परगावच्या कोकणी घरांत मागणी आहे.

लहान व्यापाऱ्याची मोठी अडचण जीएसटीची होती. दुकानात बसून माल विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको, पण ऑनलाइन एक ओढणी विकायची तरी नोंदणी हवी, असा उलटा न्याय होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो बदलला. आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याने पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर एनरोलमेंट क्रमांक घेतला की पुरते. कंपोझिशन योजनेतल्यांनाही राज्यांतर्गत विक्रीस मोकळीक मिळाली. अद्याप पुष्कळांना याची खबर नाही.

मात्र हिशेब आधी करावा. समजा, ८०० रुपयांचा ड्रेस आपल्याला ६०० ला पडला. कंपनीचे कमिशन, पाठवणी आणि खोके यांत १५० गेले तर हाती ५० राहिले. पाचांतला एक ड्रेस परत आला आणि त्याच्या जाण्या-येण्याचा खर्च आपल्यावर पडला, तर चार ड्रेसचे दोनशे रुपये त्यातच जिरतात. म्हणून साध्या ड्रेसच्या मागे न लागता, जे दुसऱ्याकडे मिळत नाही ते पाठवावे. ऑनलाइन आलेला बुरखा लांबीला जास्त आणि बाहीला तोकडा निघतो, तेव्हा बाई शेवटी मोहल्ल्यातल्या शिंप्याकडेच येते. काही शिंप्यांचे हे दुरुस्तीचे काम शिलाईपेक्षा वाढले आहे, आणि त्यात माल अडकत नाही.

शाबान जवळ आला की ठोक व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतील. गेल्या ईदचा किती माल फळीवर शिल्लक आहे हे मोजल्याशिवाय यंदा ‘हो, पाठवा’ म्हणू नये. जमल्यास चार दुकानदारांनी मिळून एकत्र उचल करावी, भाव कमी पडतो आणि उरलेला माल वाटून घेता येतो.