मतदारांच्या संमतीचे न्यायमंदिर

न्यायालयाची इमारत शासनाने बांधावयाची आणि लोकांनी नाइलाजाने तिच्या पायऱ्या चढावयाच्या, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेत मात्र काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाला, अशा इमारतीसाठी पुष्कळदा कर्जरोखे काढावे लागतात व त्यांस मतदारांची संमती घ्यावी लागते. कर्ज फिटते ते त्यांच्याच करातून.

मिसूरी राज्यातील जॅक्सन काउंटीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हॅरी ट्रुमन १९२७ पासून तेथे 'प्रिसायडिंग जज्ज' होते. नाव न्यायाधीशाचे असले तरी पद प्रशासकीय होते. रस्ते, इमारती व अंदाजपत्रक पाहणारे, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाशी मिळतेजुळते. ट्रुमन यांच्यापाशी कायद्याची पदवीही नव्हती.

कर्जास दोन-तृतीयांश मते आवश्यक होती. कॅन्सस सिटीच्या राजकारणावर टॉम पेंडरगास्ट यांच्या गटाची पकड होती आणि ट्रुमन त्याच गटाच्या पाठिंब्यावर निवडून आलेले. पैसा कंत्राटदारांच्या घशात जाईल, ही लोकांची शंका अनाठायी नव्हती. म्हणून १९२८ मध्ये रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलरचे कर्ज मागताना ट्रुमन यांनी ठिकठिकाणी सभा घेऊन खर्चाचा तपशील मांडला. पाहणीसाठी दोन्ही पक्षांचा एकेक अभियंता नेमला. मंजुरीनंतर कामे सर्वांत कमी दराच्या निविदांनाच दिली. मर्जीतले कंत्राटदार रुष्ट झाले. निर्णय फिरला नाही. न्यायालयाची मोहीम खरी जिंकली गेली ती या रस्त्यांवर.

मे १९३१ मध्ये, ऐन मंदीत, नागरिकांच्या समितीने पुरस्कारलेली दहा वर्षांची विकासयोजना मतदानास आली. तीत शहराच्या कामांबरोबर काउंटीचे नवे न्यायालयही होते. मतदारांनी योजना स्वीकारली. (शहराच्या वाट्याच्या कामांत पेंडरगास्ट यांच्या कंपनीचे काँक्रीट मुबलक वापरले गेले, हेही नमूद करावयास हवे.) इमारतीचा नमुना शोधण्यासाठी ट्रुमन स्वखर्चाने हजारो मैल मोटारीने हिंडले. लुइझियानातील श्रीव्हपोर्टचे न्यायालय त्यांना पसंत पडले. त्याचे वास्तुविशारद एडवर्ड नील्ड यांना सल्लागार म्हणून घेण्यात आले.

डिसेंबर १९३४ मध्ये कॅन्सस सिटीतील उत्तुंग इमारतीचे उद्घाटन झाले. इंडिपेंडन्स येथील जुन्या न्यायालयाचेही नूतनीकरण झाले होते. बांधकाम खात्याचा अनुभव असलेल्यांस नवल वाटेल, पण निधी उरलाही. त्यातून अँड्र्यू जॅक्सन यांचा अश्वारूढ पुतळा नव्या न्यायालयासमोर उभा राहिला.