चोवीस मिनिटांचा राजपुत्र

कॉलीन हाउक यांच्या ‘टायगर्स कर्स’ची छापील आवृत्ती जानेवारी २०११मध्ये आली, म्हणजे तिला यंदा पंधरा वर्षं झाली. त्या निमित्तानं मी मालिकेची पाचही पुस्तकं पुन्हा वाचून काढली. पण वाचायला बसवलं ते वर्धापनदिनानं नाही, पुस्तकांच्या दुकानातल्या दर्शनी टेबलानं. तिथे हल्ली जादू आणि प्रणय एकत्र मळलेल्या कादंबऱ्यांचे ढीग असतात. पानांच्या कडा रंगवलेल्या, मुखपृष्ठांवर सोनेरी वर्ख, शेजारी ‘एनिमीज टू लव्हर्स’, ‘स्लो बर्न’ अशा चिठ्ठ्या आणि पुस्तक किती ‘स्पायसी’ आहे ते सांगणाऱ्या मिरच्या. यातली बहुतेक पुस्तकं प्रौढांसाठी लिहिलेली असतात. तरी सोळा वर्षांची मुलगी त्याच टेबलापाशी उभी असते, कारण तिच्या वयाचं कपाट आता आत, लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांना चिकटून, जेमतेम उरलं आहे.

एके काळी या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून पुस्तकं लिहिली जात होती. तो काळ मी जगले आहे. तो आपण किती सहज हातचा जाऊ दिला, हे मला सांगायचं आहे.

त्याआधीच्या वर्षांत माझ्यासारख्या वाचणाऱ्या मुलींसाठी सांगण्यासारखं थोडंच होतं. अमर चित्रकथा होत्या, ‘किशोर’ होता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, आणि चौदाव्या वर्षी हे सगळं एकदम संपायचं. मग घरातलं कुणीतरी कपाटातून ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’ काढून हातात द्यायचं. दोन्ही मोठी पुस्तकं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देवयानी आणि शर्मिष्ठेची दुःखं संसारातल्या बायकांची होती आणि कर्णाचं दुःख जन्मानं लादलेल्या अन्यायाचं. पहिल्यांदा कुणी आवडतं तेव्हाची भीती, आपण त्याच्या तोलाचे नाही ही खात्री, यातलं काही त्यांत नव्हतं. फास्टर फेणेपासून ययातीपर्यंतची उडी प्रत्येकीला एकटीनं मारायला लागायची.

मग ते दशक आलं. २००८ ते २०१८ अशी त्याची हद्द मी धरते. ‘ट्वायलाइट’च्या प्रती कॉलेजात हातोहात फिरायच्या. तिच्या यशानं अमेरिकेतल्या प्रकाशकांना कळलं की किशोरवयीन मुलगी हा फार मोठा वाचक आहे. व्हॅम्पायरनंतर त्यांची नजर पुराणांवर गेली. २०११ हे एकच वर्ष घ्या. एमी कार्टर यांची ‘द गॉडेस टेस्ट’, मेग कॅबट यांची ‘अबँडन’ आणि जोसेफिन अँजेलिनी यांची ‘स्टारक्रॉस्ड’ याच वर्षातल्या. पहिल्या दोघींत पाताळाच्या राजाची आणि पर्सेफनीची गोष्ट नव्या वेषात होती, तिसरीत ट्रॉयची हेलन. ग्रीक देवदेवता अमेरिकेतल्या शाळांच्या व्हरांड्यांत हिंडत होत्या.

आणि त्याच वर्षी एक मालिका आमच्या बोरिवलीत येऊन पोचली.

हाउक या ऑरेगनमधल्या. बहिऱ्यांसाठी सांकेतिक भाषेच्या दुभाषी म्हणून त्यांनी काम केलेलं. ‘ट्वायलाइट’ वाचून त्या लिहायला बसल्या, पुस्तक आधी स्वतःच ई-बुक म्हणून प्रसिद्ध केलं, वाचक मिळाले, मग प्रकाशक मिळाला. केल्सी नावाची अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची अनाथ मुलगी सर्कशीत काम धरते. तिथला पांढरा वाघ म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी शाप मिळालेला राजपुत्र धीरेन, तिचा ‘रेन’. त्याचा भाऊ किशन काळा वाघ. शाप उतरवायचा तर दुर्गेनं नेमलेली चार कामं करायची. या कामांपायी केल्सी मुंबईत उतरते, कान्हेरीच्या लेण्यांत शिरते आणि तिथून हंपीला, किष्किंधेत जाते.

कान्हेरी! मी त्या लेण्यांच्या शेजारी वाढले. शाळेची सहल तिथेच, पावसाळ्यातला रविवार तिथेच. जाड इंग्रजी कादंबरीत, हातावर मेंदीची नक्षी काढलेली नायिका त्याच काळ्या कातळाला तळवा टेकते आणि दगडी दार उघडतं, हे वाचताना अंगावर काटा आला होता. तोवर प्रेमकथा घडायच्या त्या पावसाळी वॉशिंग्टनात किंवा लंडनच्या धुक्यात. आमच्या जागा फक्त इतिहासाच्या पुस्तकात, पाच मार्कांच्या टिपा लिहिण्यापुरत्या. आपल्या गावातही गूढ आणि प्रेम घडू शकतं, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते ऑरेगनच्या बाईंनी.

पहिली चार पुस्तकं दोन वर्षांच्या आत आली. वाट बघण्याचे ते मधले महिने मला पुस्तकांइतकेच आठवतात. दुसऱ्या पुस्तकात रेन कैदेत सापडतो आणि सुटून येतो तेव्हा केल्सीला विसरलेला असतो. त्या शेवटानंतर वर्गात दोन तट पडले, एक रेनचा, दुसरा किशनचा. आम्ही डबे खाताना भांडायचो, आणि त्या भांडणांत प्रेमाबद्दल जे मोकळेपणानं बोललो ते एरवी कुणाशी बोलता आलं नसतं. निष्ठा म्हणजे काय, ज्याला आपली आठवणच नाही त्याची वाट किती बघायची, दुसऱ्यावर जीव जडला तर ती फसवणूक का, असे प्रश्न आम्ही वाघांच्या आडून सोडवत होतो.

आता मोठेपणी वाचताना दोष ढळढळीत दिसतात, आणि ते सांगितले पाहिजेत. कान्हेरी हा बौद्ध भिक्खूंचा विहार. हजारएक वर्षं तिथे वस्ती होती. कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत, चैत्य आहे, कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे शिलालेख आहेत. त्या लेखांत दान देणाऱ्या स्त्रियांची आणि भिक्खुणींची नावं कोरलेली आहेत. कादंबरीला त्या लेण्याकडून दुर्गेचं भाकीत दडवायला एक जागा हवी होती, बाकी काही नको होतं. जिथे खऱ्या बायकांची नावं जवळजवळ दोन हजार वर्षं टिकून आहेत, तिथे त्यांतलं एकही नाव गोष्टीत नसावं, याचं मला आज वाईट वाटतं. किष्किंधेत जपानी लोककथेतले कप्पा पाण्यातून वर येतात, तेही खटकतं. पांढरा वाघ म्हणजे निराळी जात नव्हे. १९५१मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या ‘मोहन’ नावाच्या बछड्यापासून पिंजऱ्यात, जवळच्या नात्यांत पैदास करून ही संतती वाढवली गेली आणि त्यातल्या कित्येकांच्या नशिबी तिरळे डोळे आणि व्यंगं आली. हे माहीत झाल्यावर सर्कशीतली ती प्रकरणं पूर्वीसारखी वाचता येत नाहीत.

सगळ्यांत जास्त खटकतात ती माणसांची नावं. राजपुत्रांच्या वडिलांचं नाव राजाराम. रेनची वाग्दत्त वधू, खलनायक लोकेशची मुलगी, तिचं नाव येसूबाई. राजपुत्रांना शतकानुशतकं सांभाळणारे वडीलधारे, ते कदम. ही मराठेशाहीची नावं आहेत, आणि शापाचा काळही सतराव्या शतकातलाच. आपल्या महाराणी येसूबाई १६८९मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९मध्ये सुटून आल्या. तीस वर्षं त्यांनी स्वतःला आणि आपल्या माणसांना जपलं. कादंबरीतली येसूबाई दोन भावांमधल्या वैराचं निमित्त होऊन कथेच्या आरंभापूर्वीच मरते. पुढे तिच्यावर ‘टायगर्स प्रॉमिस’ हे छोटं पुस्तक आलं, पण मुख्य गोष्टीत निवेदन अमेरिकन केल्सीचं, देवीनं निवडलेली केल्सीच. ज्या देशाची देवी, त्या देशातली एकही मुलगी त्या जागेवर का नव्हती, हा प्रश्न सोळाव्या वर्षी मला सुचला नाही. आज पानोपानी सुचतो.

तरीही ही पुस्तकं मी बाजूला ठेवू शकले नाही, आणि त्याचं मुख्य कारण त्या शापात आहे. पहिल्या पुस्तकात रेनला दिवसाच्या चोवीस तासांत फक्त चोवीस मिनिटं माणूस होता येतं. बाकी वेळ तो वाघ. प्रत्येक काम पुरं झालं की सहा तास वाढतात. चोवीस मिनिटं म्हणजे आपली बरोबर एक घटिका. लग्नघरात पाण्यात सोडलेलं घटिकापात्र, तळाच्या भोकातून हळूहळू भरत बुडायला लागणारा तो वेळ. एवढ्या वेळात काय बोलायचं, काय राखून ठेवायचं, हे त्या दोघांना रोज ठरवायला लागतं. उरलेल्या वेळी ती वाघाशेजारी बसून मोठ्यानं वाचते आणि तो ऐकतो. शरीराच्या जवळिकीआधी सोबतीची सवय जडते. मर्यादेतून ओढ कशी उभी राहते, हे इतक्या साधेपणानं दाखवणारी दुसरी किशोरकथा मला ठाऊक नाही.

दुसरं कारण कदम. तेव्हा त्यांची प्रकरणं मी भराभर उलटायची, मला रेन हवा असायचा. या खेपेला मी थांबले ती कदमांपाशी. राजाचा हा लष्करी सल्लागार ताईताच्या तुकड्याच्या बळावर शतकं जगतो, व्यापार उभा करतो, आणि हे सगळं कशासाठी, तर मालकाच्या दोन पोरांना, दोन वाघांना, एकटं पडू द्यायचं नाही म्हणून. चौथ्या पुस्तकात ते जातात तेव्हा मी रडले. रेन आणि किशन दोघेही हक्क गाजवतात, रुसतात, केल्सीच्या वतीनं परस्पर ठरवतात; सोळाव्या वर्षी ते प्रेम वाटलं होतं. खरं प्रेम त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या, पुस्तकं जमवणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं.

जुने हिशेब आहेत, तेही चुकते करते. आमच्या ग्रंथालयातल्या एका ज्येष्ठ सभासदानं माझ्या हातातलं पुस्तक पाहून चारचौघांत म्हटलं होतं, ‘हे असलं वाचून मुली बिघडतात.’ त्यांच्या स्वतःच्या हातात ‘ययाति’ होती. राजाच्या वासनेची गोष्ट साहित्य, तिला ज्ञानपीठ. मुलीच्या ओढीची गोष्ट मात्र थिल्लर. मुलगा बेटावर खजिना शोधायला गेला तर ते साहस, मुलगी शाप उतरवायला गेली तर ती टाइमपास. हा न्याय मी तेव्हा निमूटपणे ऐकून घेतला, आज घेणार नाही. ज्यांनी नाकं मुरडली त्यांनी आम्हाला दुसरं काही दिलं असतं, तर त्यांचा शब्द मानला असता. त्यांनी फक्त कपाट रिकामं ठेवलं.

पुढची वर्षं मला रटाळ गेली. ‘द हंगर गेम्स’च्या मागे लागून जो तो उद्ध्वस्त शहरं लिहू लागला. त्यांतली फार थोडी मनात उरली. २०१५मध्ये सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ आली. ती आधी किशोरांच्या कपाटात होती, २०२०मध्ये नव्या मुखपृष्ठांनिशी मोठ्यांच्या कपाटात गेली. वाचक वयानं वाढला, बाजार त्याच्या मागे गेला, आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी कुणी थांबलं नाही. ‘टायगर्स ड्रीम’ २०१८मध्ये आलं. त्यात किशनची आणि अनामिकेची, म्हणजे पुढे दुर्गा होणाऱ्या योद्ध्या मुलीची गोष्ट आहे. मालिकेतली भारतीय स्त्री अखेर मध्यभागी आली, तोवर माझ्या पिढीतल्या बहुतेकजणी नोकऱ्यांना लागल्या होत्या.

याच काळात आपल्या मुळांच्या लेखिका पुढे आल्या, हा आनंदही नोंदवते. रोशनी चोक्शी यांची ‘द स्टार-टच्ड क्वीन’ २०१६मध्ये आली. २०१८मध्ये संगू मंदण्णा यांनी ‘अ स्पार्क ऑफ व्हाइट फायर’मध्ये महाभारत अंतराळात नेलं आणि कर्णाच्या जागी मुलगी उभी केली. जे हाउक यांना साधलं नाही ते या दोघींनी केलं. पण ही पुस्तकं इंग्रजीत, परदेशातून आलेली. मराठी शाळेतल्या नववीच्या मुलीच्या हाती आजही फास्टर फेणेनंतर ययातीच पडतो, किंवा आता मिरच्यांचं टेबल.

आणि पुराणातल्या प्रेमकथेचा हा प्रकार मराठीला परका म्हणावा, तर आपल्या साहित्यात तो आरंभीच्या काळापासून आहे. तेराव्या शतकात महानुभाव कवी नरेंद्रानं ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलं. एकनाथांनी १५७१मध्ये काशीत आपलं ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरं केलं. लग्न जुळावं म्हणून मुलींना त्याची पारायणं करायला सांगत, अजूनही सांगतात. म्हणजे देवाची प्रेमकथा वयात आलेल्या मुलीच्या हातात देण्याची रीत या घरांत चारशे वर्षं आहे. त्या गोष्टीची नायिका तरी कशी? भावानं ठरवलेलं स्थळ नाकारून, कधी न भेटलेल्या माणसाला स्वतः पत्र लिहिणारी, मला न्यायला ये म्हणून सांगणारी.

मराठी प्रकाशकांकडे आणि लिहित्या बायकांकडे माझं मागणं म्हणूनच थेट आहे. सोळा वर्षांच्या मुलीसाठी रुक्मिणी लिहा, उषा-अनिरुद्ध लिहा, दमयंती लिहा. पोथी म्हणून नको, उपदेश म्हणून नको, आणि प्रौढांच्या कादंबरीतून मोठ्यांचे प्रसंग गाळूनही नको. चार भागांची, पुढच्या भागाची वाट बघायला लावणारी, डबे खाताना भांडायला लावणारी मालिका लिहा. कान्हेरीत घडवा, आणि तिथे कोरलेल्या बायकांना बोलू द्या. परक्या लेखिकेनं चुकीच्या नावांनिशी, पण मनापासून, आम्हाला जे दिलं, ते बरोबर नावांनिशी देणं हे आता आपलं काम आहे.