आजीचा तोळा नेमका किती ग्रामचा?

आमच्या घरात सहा-साडेसहा ग्राम सोन्यावरून दोन आत्यांमध्ये अबोला धरला गेला होता. आजीच्या माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या थोरल्या आत्याला मिळाल्या. "धाकटीलाही तेवढंच द्या," असं आजी सांगून गेली, म्हणून बाबांनी तिच्यासाठी चार तोळ्यांच्या नव्या पाटल्या घडवल्या. पुढे थोरलीने आपल्या पाटल्या पॉलिशला दिल्या, तेव्हा काट्यावर वजन भरलं ४६ ग्रामच्या वर. धाकटीच्या पाटल्या मात्र बरोबर ४० ग्राम!

कुणीच खोटं बोललं नव्हतं. तोळाच बदलला होता.

आज सराफाकडे तोळा म्हणजे सरळ १० ग्राम. हिशेबाला सोपा, म्हणून रूढ झालेला. पण जुना तोळा ११.६६ ग्रामचा. इंग्रजांच्या काळात १८३३ मध्ये तो १८० ग्रेन असा ठरवला गेला आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा होता. म्हणून तर जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणायची. वजन हाताशी नसेल तर पारड्यात रुपये टाकले की काम भागायचं. आजीचे चार तोळे म्हणजे ४६.६६ ग्राम. फरक ६.६६ ग्रामचा. आजचा सोन्याचा भाव लावून बघा, म्हणजे अबोल्याचं कारण कळेल.

तोळ्याच्या खाली मासा आणि गुंज. ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा. गुंज म्हणजे लाल अंगाची, काळ्या ठिपक्याची ती देखणी बी. वजन साधारण ०.१२ ग्राम. (घरात लहान मुलं असतील तर ही बी जपून ठेवा, ती विषारी असते.) मासा झाला ०.९७ ग्रामचा, म्हणजे जवळजवळ एक ग्रामच.

आयुर्वेदाच्या पाठांत यापेक्षा थोडी वेगळी गोळाबेरीज आहे. सरकारी आयुर्वेदिक योगसंग्रहात गुंज १२५ मिलिग्राम, मासा १ ग्राम आणि कर्ष, म्हणजेच तोळा, १२ ग्राम धरला आहे. ४ कर्षांचं १ पल म्हणजे ४८ ग्राम, १६ पलांचा १ प्रस्थ म्हणजे ७६८ ग्राम. त्यातही पदार्थ पातळ असेल तर कुडव आणि त्यावरची मापं दुप्पट धरायची पद्धत आहे. तेव्हा जुन्या वहीतला काढा वा लेह्य स्वतःच ग्राममध्ये बदलून करायला जाऊ नका, वैद्यांना विचारा.

स्वयंपाकघरात एवढी भीती नाही. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्राम, पावशेर २३३ ग्राम, छटाक ५८ ग्राम. डिंकाच्या लाडवांच्या कृतीत सगळं साहित्य शेरात असेल, तर शेराला किलो आणि पावशेराला पाव किलो धरलं तरी प्रमाण बिघडत नाही. फक्त अर्धं शेरात आणि अर्धं किलोत करू नका.

खरी गंमत मणाची. ४० शेरांचा मण ३७.३२ किलोचा. पण जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलो. मद्रासचा त्याहून लहान, सुमारे ११.३ किलो. पणजोबांच्या कागदात 'दहा मण' दिसलं तर आधी गाव कुठलं ते बघायचं, मग गुणाकार करायचा. आणि पायली? ती तर वजनच नव्हे, ते भरून मोजायचं माप. एक पायली ज्वारी आणि एक पायली पोहे यांना किलोचा एकच आकडा लावायला गेलात की फसलात.

हा सगळा गोंधळ मिटवायला १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्राम बाजारात आले. पारड्यातली वजनं बदलली, बोलण्यातली नाही. म्हणून शेरास सव्वाशेर अजून भेटतोच. हिशेब केलात तर तो भरतो १ किलो १६६ ग्राम!

बाबांनी हे सगळं गणित एका कागदावर मांडून धाकट्या आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. "मग माझे पावणेसात मासे बाकी आहेत," ती म्हणाली. गेल्या दिवाळीत बाबांनी तेवढ्या वजनाच्या कुड्या करून दिल्या. घेताना तिने डबीतली पावती आधी काढून बघितली.