डायरी रोज लिहायलाच हवी का?

डिसेंबरअखेर बँकेची नाहीतर विमा एजंटची डायरी घरात येते. जानेवारीत चार पानं भरतात, मग एक दिवस चुकतो आणि उरलेल्या वर्षात तिच्यात दुधाचा हिशेब लिहिला जातो. दोष बहुधा छापील तारखांचा. साधी रेघी वही घ्या.

खाडा पडला की सवय मोडली? नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने 96 जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या नव्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक 18 ते 254 दिवस असा निघाला. मधेच एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा ‘21 दिवसांत सवय’ हे सूत्र विसरलेलं बरं.

लिहिलं की मन लगेच हलकं होतं? इथे भल्याभल्यांची फसगत होते. जेम्स पेनेबेकर आणि सॅण्ड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांवर लिहिलं. लिहून उठल्यावर ते जास्तच खिन्न होते. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी भरल्या. असे 146 प्रयोग एकत्र तपासणाऱ्या 2006 च्या आढाव्यात फायदा खरा, पण माफकच दिसला. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांनी हे वाचावं.

मग लिहायचं काय? दिवसभराचा पाढा नको, नुसती आदळआपटही नको. ‘साहेब ओरडले, डोकं उठलं’ एवढ्यावर थांबलात तर हाती काही लागत नाही. ‘साहेब सगळ्यांसमोर बोलले म्हणून झोंबलं, केबिनमध्ये बोलले असते तर ऐकून घेतलं असतं’ असं लिहिलंत की राग कामाचा नव्हता, चारचौघांत झालेल्या अपमानाचा होता, हे कळतं. उद्या साहेबांशी काय बोलायचं, तेही मग सुचतं.

शुद्धलेखनाची काळजी नको. पेनेबेकर यांच्या सूचनाही तेच सांगतात.

तेच दुःख पानोपानी उगाळलं जात असेल आणि झोप उडत असेल, तर मात्र वही मिटा आणि माणसाशी बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.